मस्कत म्हणजे मुंबईचं पाटस

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दारात उभं राहून विमानाला हिरवा झेंडा दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तिथून विमान दिसत नसे, आणि विमानाला आप्पा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण दौंडचा कुणी परदेशी निघाला आणि सामान ढकलत काचेच्या दारातून आत गेला, की आप्पा पिशवीतून झेंडा काढत, हात सरळ वर करत आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत झेंडा हलवत राहत. मग शांतपणे घडी घालून म्हणत, "सुटली. चला, च्या घेऊ."

आप्पा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना गार्डआप्पाच म्हणे. गाडी ड्रायव्हर चालवतो हा जनतेचा गैरसमज आहे, असं त्यांचं मत होतं. "इंजिन किती का शिट्ट्या मारंना, गार्डनं झेंडा दावल्याबिगर गाडी हालत न्हाई. मी च्या पीत असलो तर आख्खी गाडी च्या पिती." निवृत्तीच्या दिवशी रेल्वेचा झेंडा जमा करावा लागला. त्यानंतर आप्पा घरात असे काही घुटमळू लागले, की शेवटी त्यांच्या बायकोनं स्वतःच्या हिरव्या ब्लाऊजपीसचा झेंडा शिवून दिला. त्याच्या एका कडेला जरीचा काठ तसाच राहिला होता. पुढे ती माउली गेली, झेंडा राहिला.

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात शिकवत होतो आणि राहायला दौंडला, आप्पांच्या शेजारी होतो. आमची खरी गाठ पडली ती माझा भाचा दुबईला निघाला तेव्हा. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्याकडे एक जण उडायचा आणि दोन जीपा भरून माणसं त्याला सोडायला जायची. जीपबरोबर स्टेपनी येते तसे आप्पा आले. लोणावळ्यात वडापाव खायला थांबलो, तेव्हा माझ्या बहिणीला हुंदका आला. आप्पा पुढच्या सीटवरून मागे वळले. "ताई, एवढ्यात न्हाई. आत्ता रडलीस तर दारात काय करशील? आन् दुबई हाय, अमेरिका न्हाई. बेतानं."

रडण्याचा हा त्यांचा हिशेब पुढे मला पाठच झाला. "दिल्लीला डोळं पुसायचं, रडायचं न्हाई. दुबईचं रडणं कंत्राटाइतकं, दोन वर्षांचं. लंडनला आईनं रडायचं, बाकीच्यांनी फोटूत हुबं ऱ्हायचं. अमेरिकेला मात्र मोकळं रडायचं. पोरगं परत येत न्हाई. आलं तरी बाटलीतलं पाणी पितंय."

आप्पांची मुलगी सुनंदा मस्कतला नर्स होती. तिनं एकदा सुट्टीवर येताना त्यांना एका विमान कंपनीची दिनदर्शिका आणून दिली. तिच्यावर जगाचा नकाशा होता आणि मुंबईपासून निघालेल्या लाल रेघा. ज्या ज्या गावाला त्या कंपनीचं विमान जाई, तिथं एक टिंब. साल संपलं, तारखा कापून चुलीत गेल्या, नकाशा भिंतीवर राहिला. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारी, पण अदबीनं जरा खाली.

जगाची मांडणी आप्पांनी रेल्वेच्या सोयीनं केली होती. "मस्कत म्हंजी मुंबईचं पाटस. दौंडातनं सुटली की आलंच. दुबई म्हंजी केडगाव. लंडन म्हंजी आपलं पुणं, तिथं निम्मी गाडी रिकामी व्हती."

"आणि अमेरिका?" मी विचारलं.

"ती मेन लायनीवर न्हाई, सर. गाडी बदलावी लागती."

नकाशावर जिथं टिंब नाही, ते गाव अस्तित्वात नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांचा मुलगा दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या विमानानं फिनलंडला गेला. गृहस्थ पेढे घेऊन आले. आप्पांनी पेढा खाल्ला, नकाशा बोटानं तपासला आणि ते गेल्यावर मला हळूच म्हणाले, "हितं गाडीच जात न्हाई. पोरगं कुठंतरी नाशकाला असंल. बापाला सांगू नका."

देशातल्या गावांनाही नकाशात लाल रेघा होत्या, पण त्यांना आप्पा किंमत देत नसत. आमचे नगरसेवक बबनराव एकदा विमानानं नागपूरला निघाले आणि आप्पांना झेंड्यासकट चला म्हणाले. आप्पांनी साफ नकार दिला. "नागपूरला रूळ जात्यात. रूळ असताना जो हवंतनं जातो, त्याला आपला झेंडा न्हाई." बबनरावांनी तो अपमान मनात ठेवला. त्याचा सूड त्यांनी पुढे भाषण करून घेतला.

सुनंदाला दिवस गेले. तिचा नवरा तिकडेच एका गोदामात कामाला. सासू नव्हती, आई नव्हती. बाळंतपणाला आईच्या जागी आप्पांनी यावं म्हणून तिनं तिकीट पाठवलं. ज्या माणसानं अर्धा तालुका परदेशी रवाना केला होता, त्याची स्वतःची पाळी आली. गावानं ठरवलं, की आप्पांचं सोडणं आजवर झालं नाही असं करायचं. तीन जीपा निघाल्या. पहिल्या जीपला कापडी फलक होता : 'गार्डआप्पा यांच्या मस्कत गमनाबद्दल समस्त दौंडकरांतर्फे जाहीर सत्कार'. मी आप्पांना म्हटलं, हे जरा जास्त होतंय. ते म्हणाले, "सर, तुम्हाला हाराची ॲलर्जी हाय. मला न्हाई."

विमानतळावर पोचलो तेव्हा भरपूर वेळ होता. तो संपवण्याचं काम सगळ्यांनी मिळून केलं. आधी हार झाले. मग बबनरावांनी सामानाच्या गाडीवर एक पाय ठेवून भाषण सुरू केलं. दौंड आणि अरबस्तान यांचे संबंध त्यांनी घोड्यांच्या व्यापारापासून घेतले आणि नळपाणी योजनेपर्यंत आणले. दारावरचा पोलीस दोनदा येऊन म्हणाला, "चाचा, अंदर जाओ, टाइम हो गया." मीही बाही ओढली. आप्पा गळ्यातल्या हारांतून तेवढी मान बाहेर काढून म्हणाले, "सर, घाई कशाची? गार्ड हितं हाय. गाडी कुठं जाती?"

भाषण संपलं तर रडण्याचा घोटाळा. आप्पांची बहीण काशीबाई खंडाळ्याच्या घाटातच रडून मोकळी झाली होती. आता तिला काही केल्या रडू येईना. "मस्कतला जास्त लागत न्हाई, पण थोडं तरी पायजेच," म्हणून आप्पा थांबले. काशीबाईनं मेलेल्या सगळ्या माणसांची नावं घेऊन पाहिली. शेवटी वहिनीचं नाव घेतल्यावर तिला हुंदका आला, आणि त्या नावानं आप्पांनाही आला. मग फोटो. मग आपल्या एका भाच्याच्या हातात झेंडा देऊन, तो कसा धरायचा हे शिकवून, आप्पा दारातून आत गेले.

जीपकडे वळतो न वळतो तोच आप्पा बाहेर आले. गळ्यात हार तसेच.

"काय झालं?"

"खिडकी बंद केलीय म्हणत्यात. गाडी चाललीय." त्यांनी भाच्याच्या हातातून झेंडा काढून घेतला. "गार्ड खाली आन् गाडी चाललीय."

परतीच्या वाटेवर लोणावळ्याला जीप थांबली नाही. बबनरावसुद्धा गप्प होते. मला वाटतं, त्यांचं ते आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर मी आप्पांबरोबर गेलो. बूथचं दार लागत नव्हतं आणि सुनंदाचा आवाज बापासारखाच होता, त्यामुळे बाहेर उभं राहूनही सगळं ऐकू येत होतं. "आप्पा, आईच्या जागी तुम्हाला बोलावलं. आन् तुम्ही भाषण ऐकत बसला? मी हितं एकटी हाय. बाळ थांबणार हाय व्हय तुमच्या झेंड्यासाठी?"

आप्पा नुसतं "न्हाई, न्हाई बाय," म्हणत होते. तिनं पुन्हा तिकीट पाठवलं, एका अटीवर : सोडायला कुणीही येणार नाही. बाळंतपण तोंडावर आलं होतं. हे विमान चुकलं तर पुढचं तिकीट नव्हतं.

आप्पांनी अट पाळली. म्हणजे मला बरोबर घेतलं. "तुम्ही धरण्यात न्हाई, सर. तुम्ही रडत न्हाई, हार घालत न्हाई, भाषण तर कॉलेजातबी करत न्हाई म्हणत्यात." जीप नको म्हणाले. रेल्वेनं दादर, तिथून टॅक्सी. विमानतळावर आम्ही इतक्या लवकर पोचलो, की झाडणाऱ्यानं आम्हाला दोनदा जागेवरून उठवलं. आप्पा बॅगेवर बसून होते. शेजारी कुठल्याशा गावची माणसं एका पोराला निरोप देत होती. त्यांचं रडणं चुकीच्या वेळी सुरू झालं, तरी आप्पा काही बोलले नाहीत. तेव्हा मला त्यांची पहिल्यांदा काळजी वाटली.

आत जायची वेळ झाली. आप्पा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पिशवीतून झेंडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"आप्पा, भलतंच काय? सुनंदाला काय सांगितलंय?"

"माणसं आणू नका म्हणली. झेंड्याचं बोलली न्हाई."

मी जन्मात फीत कापली नाही, समई लावली नाही. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांना मागच्या दाराजवळ बसत आलो. मी म्हटलं, "मला जमणार नाही."

"मग मी हितंच हाय," म्हणून आप्पा बॅगेवर बसले. नाटक नव्हतं. कपाळावर घाम होता. झेंड्याशिवाय सुटलेल्या गाडीत बसायची त्यांना खरोखर भीती वाटत होती. आणि बसले नसते, तर तिकडे ती पोर एकटी होती.

"उठा," मी म्हणालो. "दाखवतो."

ते आत गेले. मी खांद्याच्या उंचीवर, कुणाला फारसा दिसणार नाही असा झेंडा धरला. काचेपलीकडून आप्पा हातवारे करू लागले. मला कळेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "ये क्या चल रहा है?" तोच दारावरचा पोलीस. त्यानं झेंडा पाहिला, जरीचा काठ पाहिला. "आज चाचा नहीं आये?"

"चाचा ही जा रहे हैं," मी म्हणालो.

त्यानं काचेतून आत पाहिलं. आप्पा अजून हातवारे करत होते. पोलिसानं काठी काखेत मारली आणि मला म्हणाला, "थोड़ा ऊपर पकड़ो. दिख नहीं रहा उनको."

मी हात सरळ वर केला. आप्पांनी मान हलवली आणि मगच वळले.

आप्पा पोचल्यावर दोन दिवसांनी नात झाली. काही महिन्यांनी ते परत आले, ते दोन घोंगड्यांइतकं जाड एक ब्लँकेट आणि खजूर घेऊन. मस्कत कसं काय, असं सगळं गाव विचारू लागलं. आप्पा म्हणाले, "पाटससारखंच. ऊस न्हाई, एवढंच." मी झेंडा परत द्यायला गेलो तर घेतला नाही. "ठेवा. मी रिटायर झालो. तुमचा हातबी आता सरळ व्हाया लागलाय."

त्यानंतर चारपाच वर्षांनी आप्पा गेले. सुनंदा नातीला घेऊन वेळेत पोचली. मोठी गर्दी होती. बबनराव आले होते आणि बोलले नाहीत. काशीबाईचं रडणं अमेरिकेच्याही पुढचं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, सगळे हात जोडून उभे राहिले आणि झेंड्यासाठी खोळंबलेल्या गाडीसारखं क्षणभर सगळं थांबलं. माझा दुबईचा भाचा कानाशी येऊन म्हणाला, "मामा, झेंडा?"

"विसरलो घरी," मी म्हणालो.

झेंडा माझ्या खिशात होता.