रेणूचं यंत्र आणि माझा नारळ

आधी कप खाली ठेवा. हा प्रकार ऐकताना आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सांगतो.

मी तसा कमी बोलणारा माणूस. नायगावला जन्मभर पिठाची गिरणी चालवली. त्या खडखडाटात बोलून काय उपयोग? मानेनंच हो-नाही करायचं. तीच सवय राहिली. पण ही गोष्ट काही पोटात राहत नाही.

माझी नात रेणुका. घरात सगळे रेणू म्हणतात. नांदेडला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. शिकते काय, तर कृष्णविवरं! मी चौथी पास. एकदा भाकरी थापता थापता तिनंच मला समजावून सांगितलं.

"आबा, लई मोठा तारा मेला की आपल्याच वजनानं आत-आत दबत जातो. इतका, की त्याच्यातून उजेडबी बाहेर पडत न्हाई."

"मंग दिसतो कसा?"

"न्हाईच दिसत. म्हणून तर ऐकायचं. अशी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात, फुगडीवानी. आधी हळू, मंग जोरात, मंग लई जोरात, आणि शेवटी एकमेकांत मिसळून एकच होतं. मिसळलं की गप्प." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्या फुगडीनं सगळं आभाळ थरथरतं. ती थरथर कोट्यवधी वर्षं चालत आपल्यापर्यंत येते. तोवर अणूपेक्षाबी कितीतरी बारीक झालेली असते."

"आणि ती तुमाला कळते?"

"हाव! कितीतरी जोड्यांची कळली. काही तर इतक्या जड निघाल्या, की मोठमोठे शास्त्रज्ञ डोकं खाजवून राहिलेत. तसलंच यंत्र आता आपल्या हिंगोलीकडं बांधून राहिलेत, आबा. आपल्या शेजारी!"

पोरीचे डोळे असे चमकत होते की भाकरी करपली. मी ती खाल्ली.

तर रेणूनं त्या यंत्राचं एक छोटं पोर बनवलं. प्रकाशाचा किरण घ्यायचा, त्याचे दोन करायचे, दोन वाटांनी धाडायचे, आरशावरून परत आणून पुन्हा जुळवायचे. एका वाटेत केसाएवढा जरी फरक पडला, तरी संगणकावरची रेघ हलणार. आता याला खाली जड बैठक पाहिजे. मी विचारलं, "माझ्या बंद गिरणीचा दगड चालंल का?" पोरगी गळ्यातच पडली. दगड नांदेडला गेला. त्याच्याखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब ठेवल्या, जमिनीचा धक्का वर येऊ नये म्हणून. इतकी वर्षं माझ्या दगडानं ज्वारी दळली, आता तो उजेड झेलणार होता! तुम्हीच सांगा, मला तिथं जायचं नव्हतं तर कुणाला जायचं होतं?

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. त्यांना यंत्र पटलं तर रेणूला पुढं संशोधनाला जागा. नाही पटलं तर काय, ते तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं माधवनं, आधीच ठरवून टाकलं होतं.

"शेवटचा चान्स हाय, रेणू. न्हाई जमलं तर गुमान बी.एड. करायचं."

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिनं पोह्यांना हात लावला नाही, एवढंच मी पाहिलं.

निघताना सुनेनं माझ्या पिशवीत नारळ ठेवला. कॉलेजात पोचल्यावर मी रेणूला म्हटलं, "यंत्रापुढं फोडून घेऊ?"

"नंतर, आबा. नंतर."

नंतर? यंत्र सुरू झाल्यावर कुणी नारळ फोडतं का? अहो, गिरणीचा नुसता पट्टा बदलला तरी मी नारळ फोडत होतो. आणि हे तर प्रत्यक्ष आभाळाचं यंत्र!

पण मी नारळ पिशवीतच ठेवला. खोलीत पंखे बंद. सगळ्यांच्या चपला बाहेर. मॅडम संगणकापुढं बसल्या. रेणू म्हणाली, "आता कुणी हलायचं नाही. रेघ सरळ राहिली पाहिजे." तिच्या वर्गातली पोरं, माधव, मी, सगळे श्वास धरून उभे. खोकलाही कुणी काढीना.

रेघ मात्र सरळ राहीना. बारीक बारीक कुरकुरत होती. लांब रस्त्यावरून ट्रक गेला असेल, कुणाला माहीत. रेणूच्या कपाळावर घाम आला. माधवनं माझ्याकडं पाहिलं, त्या नजरेत बी.एड. स्पष्ट दिसत होतं.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. रेघ का हलते? नारळ राहिला म्हणून!

मी मांजरासारखा बाहेर पडलो. कसा म्हणून सांगू? अनवाणी, भिंतीला धरून, एकेक पाऊल जपून. पोरीच्या यंत्राला माझ्यामुळं धक्का नको, ही काळजी! भिंतीपलीकडं व्हरांड्याच्या पायरीवर बसलो, दगडाला आणि माहूरच्या देवीला मनात हात जोडले, आणि नारळ हळूच आपटला.

टक्.

फुटला नाही. प्रयोगशाळेचे शिपाई गफूरमामू तिथं बसले होते. ते जवळ आले.

"ऐसा नई फुटता, बाबा. जोर से मारो."

"आवाज नको ना, मामू. आत यंत्र हाय."

"तो फिर जल्दी निपटाओ! साहब लोगां आ जाएंगे बाहर."

हेही खरंच होतं. मी भराभर आपटायला लागलो. टक्... टक्... टक् टक्, टकटकटक... आणि शेवटी दोन्ही हातांनी वर उचलून, देवीचं नाव घेऊन, फटाक्!

फुटला. मी गप्प. पायरी गप्प.

आणि आतून एकदम आरडाओरडा! "आली! आली! लाट आली!" पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मला भरून आलं हो. म्हटलं बघा, नारळ फुटायचा अवकाश, लगेच गुण आला! धोतराच्या सोग्यात खोबरं घेतलं आणि तसाच आत गेलो. संगणकावरच्या रेघेला आधी लहान, मग मोठ्या, मग दाट दाट उड्या, शेवटी एक भलामोठा उंचवटा, आणि मग सरळ सपाट. हुबेहूब फुगडी! पोरं नाचत होती. एकटी रेणू कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"घ्या मॅडम," मी खोबरं पुढं केलं. "परसाद."

मॅडमनी खोबऱ्याकडं पाहिलं. मग रेघेकडं. मग माझ्या धोतराकडं, त्यावरून पाणी ठिबकत होतं. खोलीत आता यंत्राला हवी होती तशी शांतता झाली.

"आबा," माधव दात आवळून म्हणाला, "किती ठोके घातले?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अहो, पाय वाजू नये म्हणून मांजरासारखा गेलो, आणि भिंतीपलीकडं घण घातले! पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. आणि तीही त्या यंत्रात दिसली असती.

"पोरीचं काई चुकलं न्हाई, मॅडम," मी कसंबसं बोललो. "हे समदं माझं हाय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हसू दाबत होत्या की राग, कळेना. "रेणुका, आजोबा प्रसाद घेऊन आत आले नसते, तर ही लाट आभाळातली नाही हे तुला कसं कळलं असतं?"

रेणूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"एका यंत्रावरून नसतंच कळलं, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून तर दुसरं यंत्र लांब, दुसऱ्या मुलखात लागतं. तीच लाट दोन्हीकडं, प्रकाशाच्या वेगाचा हिशेब धरून आली, तर ती आभाळाची. एकाच ठिकाणी आली, तर..." ती थांबली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "तर आबांची."

मॅडम अशा हसल्या की चष्मा हातातून पडता पडता राहिला. हसता हसता त्यांनी खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "मघाशी रेघ का कुरकुरत होती, तेही आता सांग," म्हणाल्या. मग दोघी त्या दगडावर वाकून किती वेळ बोलत बसल्या. आम्हाला कुणी विचारलं नाही. माधव मात्र जाताना आणखी एक तुकडा मागून घेऊन गेला.

रेणूला जागा मिळाली. बी.एड.चं नाव आता घरात निघत नाही. माझा दगड अजून त्याच खोलीत आहे. आणि ती रेघ, तीही कॉलेजानं जपून ठेवली आहे म्हणे. नवी पोरं आली की त्यांना पहिल्या दिवशी दाखवतात, खोटी लाट कशी ओळखायची ते.

हिंगोलीकडचं मोठं यंत्र अजून बांधून व्हायचं आहे. ते सुरू होईल तेव्हा दोन मेलेल्या ताऱ्यांची फुगडी आपल्या मराठवाड्यात ऐकू येईल. तो दिवस बघायला मी राहणार, ठरवलंय. आणि त्या दिवशी नारळही फोडणार. रेणूकडून रीतसर परवानगी घेतली आहे.

तिनं नकाशा उघडला, अंतर मोजलं आणि म्हणाली, "माहूरला फोडा, आबा. देवीच्या पायरीवर. तिथून चालंल."

मग जरा विचार करून म्हणाली, "पण एकाच ठोक्यात."