कंगवा घेऊन तेरला

माझी पत्नी रूथ शांत स्वभावाची नव्हती.

अंत्यविधीच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांसह सर्वांनी ती शांत होती असे सांगितले. प्रेमाने सांगितले, म्हणून मी तेव्हा दुरुस्ती केली नाही. आज करतो.

तिची जीभ तिखट होती. शांती तिने शिकून घेतली, आणि ते शिक्षण तिला फार जड गेले.

आज तिला प्रभूमध्ये निजून एक वर्ष झाले. आमचा मुलगा आशिष सकाळीच पुण्याहून आला आहे.

तिच्या दफनानंतर, धाराशिवचे हे घर बंद करून मला पुण्याला नेण्याचा त्याने आग्रह धरला होता. मी म्हणालो, "मी सामान नाही." त्याने आवाज चढवला. मीही चढवला. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

पूर्वी असे झाले की रूथ इकडचे तिकडे सांगत असे. आज घरात आम्ही दोघेच आहोत. निरोप नेणारे कोणी नाही.

माझ्या आईचे शेवटचे दिवस याच घरात गेले. ती अंथरुणाला खिळली होती. लांब केसांत गाठी होऊन डोक्याला जखमा होऊ लागल्या, तेव्हा रूथने तिचे केस कापले.

आई गेली त्या दिवशी जवळच्या तेर गावाहून माझा धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी सारा आले. आईच्या डोक्यावरचा पदर सारखा करताना साराचा हात थबकला. जमलेल्या लोकांसमोर ती म्हणाली,

"अक्का, जित्या बाईचं मुंडण केलंत व्हय? एवढाच कंटाळा आला हुता तर आमच्याकडं धाडायचं!"

रूथने तिथेच उत्तर दिले. "गू-मूत काढायला कधी आलीस का गं? आता केस बघायला आलीस!"

दोन्ही घरांचे येणेजाणे बंद झाले.

माझ्या मते रूथ बरोबर होती. आजही माझे मत तेच आहे.

परंतु पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये भाकरीचे तबक आमच्या बाकापर्यंत आले, आणि रूथने काही न घेता ते पुढे केले. प्यालाही तसाच पुढे केला. सगळ्या मंडळीने पाहिले; मनात वैर असताना ती भाकर घेऊ नये, असे आम्ही मानतो.

घरी आल्यावर मी म्हणालो, "लोक काय समजतील? चूक तर तिची आहे."

"तिचीच हाय. पण सारा आठवली की तो घास माझ्या घशाखाली उतरत न्हाय. त्याला मी काय करू?"

"मग तिने येऊन क्षमा मागावी."

"अहो, तिची वाट बघत बसले तर मी उपाशीच मरंन."

त्याच आठवड्यात ती एसटीने तेरला निघाली. पिशवीत कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली. मला पसंत नव्हते, तरी तिला एकटी कशी सोडणार म्हणून सोबत गेलो.

सारा अंगणात शेंगा फोडत होती. आम्हाला पाहून उठली नाही.

रूथ तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसली, अंबाडा सोडला आणि कंगवा मागे धरला.

"सारा, वेणी घालून दे."

थोरली जाऊ धाकटीपुढे अशी बसलेली. मला ते फार कमीपणाचे वाटले.

 मग शेंगांचे सूप बाजूला सरकल्याचा आवाज आला.

सुरुवातीला कंगवा चांगलाच ओढून फिरला. रूथने पायरीची कड धरून ठेवली.

"तेल लावत न्हाईत व्हय कधी?"

"लावणारी रुसून बसलीय न्हवं."

सारा हसली. मग तिचा हात हळू झाला.

पुढच्या प्रभुभोजनाला रूथने भाकर घेतली.

शेवटच्या आजारात तिच्या केसांचीही तीच गत झाली. ते कापायला सारा तेरहून आली. कात्री हातात घेऊन नुसती रडत राहिली.

"अक्का, तवा मला कळलं न्हाय ओ."

"गप. आणि सरळ काप. वाकडंतिकडं डोस्कं घेऊन प्रभूपुढं उभी करतीस काय मला?"

या घरातले ते शेवटचे मोठ्याने हसणे.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होते. तबक माझ्यापर्यंत आले. आशिष आठवला, आणि मी काही न घेता ते पुढे केले.

शेजारची तिची जागा रिकामी असल्यामुळे हात बराच लांबवावा लागला.

आज सकाळपासून मी विचार करीत होतो. मला टक्कल आहे. कंगव्याचा उपयोग नाही.

दुपारी दाढीचे सामान घेऊन मी ओट्यावर गेलो. आशिष मोबाइल पाहत बसला होता. त्याच्यासमोर खुर्ची ठेवून बसलो आणि गळ्याभोवती टॉवेल घेतला. एक व्यवस्थित वाक्य तयार करून आणले होते. ते आठवले नाही.

"दाढी करून देतोस का? माझा हात थरथरतो."

त्याने माझ्या हनुवटीवरच्या कापल्याच्या खुणा पाहिल्या.

"कधीपासून?"

"तुझी आई गेल्यापासून."

"फोनवर सांगायचं ना, बाबा."

"फोनवर आपण बोलत नव्हतो."

त्याने ब्रश पाण्यात बुडवला. बराच वेळ फेस करीत राहिला.

"मान वर करा. आणि आता बोलू नका, कापेल."

मी मान वर केली.

पुण्याचा विषय अजून निघालेला नाही. तो निघेल.

रूथ, पुढच्या वेळी तबक आले की मी भाकर घेईन. तुझ्या रिकाम्या जागेवरून ते पुढे द्यायला हात मात्र लांबवावाच लागेल.

पुनरुत्थानाच्या दिवशी भेटू. तोपर्यंत निवांत नीज.