परक्यांना हाकलण्याची बाजू

२००४च्या ऑगस्टमध्ये मी मॉरिसव्हिलजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात अमेरिकेच्या इतिहासाचा कोर्स घेतला. नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती, शिकायची होती. नागपूरला मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. इथे दिवसभर अपार्टमेंटमध्ये बसून बसून माझी वाचा बसत चालली होती.

आमचे प्रोफेसर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. ते सांगत, की हा देश ज्यांनी उभा केला त्यांना राजकीय पक्ष नकोच होते. पक्ष म्हणजे फूट, असंच ते मानत. पण पहिल्याच अध्यक्षाच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री यांचं बिनसलं. एकाला बळकट केंद्र सरकार, राष्ट्रीय बँक आणि इंग्लंडशी व्यापार हवा होता; दुसऱ्याचा भरवसा राज्यांवर, शेतकऱ्यांवर आणि फ्रान्सच्या क्रांतीवर. दोन्हीकडची वर्तमानपत्रं एकमेकांवर चिखल उडवू लागली. बघता बघता दोन पक्ष उभे राहिले, पण आपल्याला पक्ष म्हणवून घ्यायला कोणीच तयार नव्हतं. पक्ष म्हणजे समोरचे. आपण म्हणजे देश.

वर्गात हे ऐकताना कोणी हसत नव्हतं. नोव्हेंबरात निवडणूक होती आणि इराकमध्ये युद्ध चालू होतं.

ऑक्टोबरात प्रोफेसरांनी वादविवाद ठेवला. विषय दुसऱ्या अध्यक्षाच्या काळातला. फ्रान्सशी युद्ध होईल या भीतीने सत्ताधारी पक्षाने कायदा केला, की अध्यक्षाला धोकादायक वाटेल त्या परक्या माणसाला देशाबाहेर काढता येईल. कोर्ट नाही, सुनावणी नाही. परके बहुतेक विरोधी पक्षाकडे झुकलेले, हेही त्यामागे होतंच. प्रोफेसरांनी बाजू वाटल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तू सरकारच्या बाजूने."

वर्गात परकी मी एकटीच होते. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

घरी सांगितलं तर नवऱ्याने हातातला चमचा खाली ठेवला. त्याच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं, आणि ऑफिसमधला एक जण ते न मिळाल्याने नुकताच सामान बांधून हैदराबादला परतला होता.

"क्लास ड्रॉप कर."

"अरे, इतिहासाचा वर्ग आहे तो."

"इतिहासाचा असो नाहीतर गणिताचा. कोण काय ऐकेल आणि कुठे जाऊन सांगेल, माहितीये तुला? आपण इथे पाहुणे आहोत, यार. गप्प बसायचं."

मी कोर्स सोडला नाही. वादविवादाच्या दिवशी नेहमीच्या वेळेला वर्गात जाऊन बसले.

विरुद्ध बाजूला इराकहून परतलेला एक तरुण होता. तो थोडक्यात बोलला. "धोकादायक कोण, हे एकटा माणूस ठरवणार? पुरावा नाही, वकील नाही. उद्या तो तुमच्याकडे बोट दाखवेल."

मग मी उठले. पहिली दोन वाक्यं कागदावरून वाचली. नंतर शाळेतला माझा जुना आवाज कुठून तरी परत आला. मी म्हणाले, "शत्रूची जहाजं समुद्रात फिरतायत. तुमच्या गल्लीत राहणारा माणूस कोणाचा आहे, तुम्हाला माहीत नाही. पुरावा मिळेपर्यंत थांबायचं? तुमची मुलं घरात झोपली असताना?"

माना हलू लागल्या. मला थांबावंसं वाटलं, पण थांबता येईना.

प्रोफेसरांनी मतं घेतली. माझ्या बाजूने हात वर होत गेले. रोज माझ्या शेजारी बसून स्वतःच्या पुड्यातले चिप्स मला देणारी बाईही हात वर करून माझ्याकडे बघून हसत होती. कायदा मंजूर झाला.

पार्किंगमध्ये तो तरुण माझ्याजवळ आला. "तुला खरंच पटतं हे?"

"नाही. मला वाटलं होतं, मी हरेन."

"मलाही वाटलं होतं, तू हरशील," तो म्हणाला आणि आपल्या ट्रककडे गेला.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "जिंकले."

पुढच्या तासाला प्रोफेसरांनी उरलेली गोष्ट सांगितली. त्या कायद्याखाली प्रत्यक्षात कोणालाच बाहेर काढलं नाही. पण पुष्कळ परके भीतीने आपणहून जहाजात बसून निघून गेले. सरकारवर टीका करणारे संपादक मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याखाली तुरुंगात गेले. पुढच्या निवडणुकीत सत्ताधारी हरले. हरलेला अध्यक्ष नव्याच्या शपथविधीला न थांबता पहाटेच राजधानी सोडून गेला, पण खुर्ची सोडून गेला. सैन्य बोलवलं नाही.

मी हात वर केला. "जे आपणहून गेले, ते परत आले का?"

प्रोफेसर माझ्याकडे बघत राहिले. मी कोण आहे हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा दिसलं असावं. "काही आले असतील," ते म्हणाले. "मला नीट माहीत नाही. मी तुला त्या बाजूला उभं करायला नको होतं."

"नाही सर," मी म्हटलं, "बरं झालं."

ते मी मनापासून म्हटलं की रीत म्हणून, मला आजही सांगता येत नाही. एक्स्टेन्शन डिसेंबरात मिळालं. जानेवारीत मी पुढचा कोर्स घेतला, तेव्हा कॉलेजपर्यंत सोडायला नवरा स्वतः आला. मी गाडीतून उतरताना तो एवढंच म्हणाला, "या वेळी बाजू तू निवड."