येलदरीला निघालो आणि इंजिनाच्या पोटात शिरलो

दोघी जावांनी नवरे, सासरे, पोरं घरी ठेवून जीप काढायची, हे ठरलं कपडे वाळत घालताना. मी म्हटलं, "ताई, येलदरीचं धरण बघायचंय." थोरली जाऊ, शांताताई, म्हणाली, "मंग चल की रविवारी." बस्स! मला तर त्याच क्षणी नाचावंसं वाटलं.

जीप घरचीच. जुनी, डिझेलची, दोन लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली. परभणीतला मिस्त्री तेलाचं झाकण उघडून म्हणाला होता, आत काळी मळी साचलीय, फ्लश मारून घ्या. म्हणजे तेलात एक औषध टाकायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, की मळी विरघळून तेलाबरोबर बाहेर. शाळेत विज्ञान शिकवणारी मी लगेच तयार! शांताताईनं मात्र माहेरच्या मळ्यात वर्षानुवर्षं डिझेलचं पंप-इंजिन चालवलेलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या पोटाला जुलाब देऊ नये." वाद मिटेना, म्हणून नुसतं तेल बदललं आणि निघालो.

परभणी ते जिंतूर रस्ता छान. सकाळी लवकर निघा, ट्रॅक्टर कमी लागतात. जिंतूरला गरम भजी आणि दोन-दोन कप चहा. पुढं येलदरीपर्यंत अधूनमधून खड्डे; प्रत्येक खड्ड्याला शांताताई "हाऽऽ" म्हणून ओरडायची आणि मी हसून स्टेअरिंगवर कोसळायचे.

"काय हसायलीस? समोर बघ!"

"तुम्ही ओरडता कशाला?"

"घरी कुटं ओरडाया मिळतंय?"

धरणाच्या भिंतीजवळ जाऊ दिलं नाही, पण पूर्णेचं ते पसरलेलं पाणी लांबूनसुद्धा डोळ्यांत मावत नव्हतं. जवळच एका खानावळीत तळलेली मरळ आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. मासे ताजे आहेत का, ते मालकाला आधी विचारा. आमच्यापुढे तर त्यानं माशांची परातच आणून ठेवली. जेवण झालं, दुपार झाली, आणि घरी जायला फारच लवकर वाटलं. म्हणून जिंतूरहून सरळ परतायच्या ऐवजी देवगाव फाटा, सेलू असा लांबचा रस्ता धरला.

देवगाव फाट्यावर चहासाठी गाडी हळू केली आणि डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की विझे, सोडला की पेटे. माझं हसू एकदम थांबलं. इंजिन बंद करून तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल भरपूर!

टपरीशेजारीच रफिकभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं, झाकणात बोट घातलं, काळं बोट दाखवलं. "भाभी, नवं तेल टाकलंत, त्यानं जुनी मळी सुटायलीय. फ्लश मारतो. सब पिघलके निकल जाता. अर्ध्या तासात परभणीच्या वाटंला."

मी "मारा" म्हणणार, तेवढ्यात शांताताई पुढं झाली.

"पिगळून जाईल कुटं, भाई? खाली तेल ओढायची जाळी हाय ना? तिच्यावरच बसंल. तेल वर चडलं न्हाई तर इंजन जाम. चेंबर खोला."

"भाभी, चेंबर खोलायला संध्याकाळ व्हईल. आणि याचं पॅकिंग माझ्याकडं न्हाई."

"कापून बनवा. आमी बसायलाव."

मला वाटलं, ही उगाच हट्ट करायलीय. इंजिन उघडं पडलं आणि जुळलंच नाही तर? पण तिनं पदर खोचला होता.

एक बोल्ट हलेना. रफिकभाई वैतागले, शांताताई पोत्यावर आडवी होऊन खालून बॅटरीचा उजेड धरत होती, मी पाने पुरवत होते. शेवटी इंजिनाखालचं ते तेलाचं भांडं, म्हणजे चेंबर, सुटलं आणि जाळी दिसली. जाळी कसली! डांबर थापल्यासारखी बुजलेली, जेमतेम चार भोकं मोकळी.

रफिकभाईंनी ती हातात फिरवली. "भाभी, फ्लश मारला असता तर हीबी भोकं गेली असती. मी तर मारणारच होतो!" आणि स्वतःच खो-खो हसले.

जाळी, चेंबर डिझेलनं धुतलं, सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवायचं पॅकिंग शीटमधून कापलं, नवं तेल भरलं. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण दिवा पेटलेलाच. शांताताईनं माझा दंड आवळला. मग दिवा विझला, आणि विझलेलाच राहिला! आम्ही दोघी अशा किंचाळलो की टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

सेलूमार्गे घरी पोचेस्तोवर आम्ही नुसत्या गात होतो, तेही बेसूर. ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "काय काय बघितलं?"

शांताताई म्हणाली, "इंजन."

आम्हाला पायरीवर बसूनच हसावं लागलं.

जुन्या गाडीवाल्यांनो, माझं ऐकाल तर फ्लशआधी जाळी बघून घ्या. आम्ही तेव्हापासून तेलच जरा लवकर बदलतो. दिवा परत लागलेला नाही. धरणाचे फोटो मागू नका, काढायचे राहिले. त्या दिवसाचा एकच फोटो आहे: पोत्यावर बसलेली शांताताई, नाकाला काळं, हातात ती बुजलेली जाळी आणि सगळे दात बाहेर. आठवडाभरानं तिनं तो माझ्याकडून मागून घेतला. तिच्या डीपीवर तोवर गुलाबाचं फूल असायचं. आता ती स्वतः आहे.