किल्लीच्या ठशाची खताई

तळोद्यात दिवाळी कधी येते हे पंचांग ठरवत नाही, माझी आत्या ठरवते. पंचांगात वसुबारस कुठेही असो, आत्याने माळ्यावरून पत्र्याचे डबे उतरवले आणि ती रिक्षात बसून बेकरीकडे निघाली, की गल्लीतल्या बायका तिथल्या तिथे चकलीची भाजणी दळायला टाकतात. आमच्याकडे नानखटाईला खताई म्हणतात, आणि ती घरी भाजत नाहीत. तूप, मैदा, रवा, साखर सगळं आपलं घेऊन बेकरीत जायचं, तिथे मळायचं, ट्रेवर गोळे मांडायचे आणि भट्टीत आपला नंबर लागेपर्यंत बसायचं. बाकीच्या बायका बसतात. आत्या पहारा देते.

तिचा विश्वास जगात फक्त चारोळीवर आहे. डोंगरातल्या बायका उन्हाळ्यात बाजाराला चारोळी आणतात, तेव्हाच ती घेऊन ठेवते. एकेक दाणा दाताखाली फोडून बघते, विकणारीशी पाऊण तास भांडते आणि शेवटी तिलाच घरी जेवायला घेऊन येते. मग ती चारोळी गोदरेजच्या कपाटात जाते. आत्याच्या कपाटात वरच्या कप्प्यात दागिने आणि सर्वांत खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, चारोळी. दागिन्यांचा कप्पा उघडा राहिलेला मी दोनदा पाहिलाय. चारोळीचा कधीच नाही. कपाटाची किल्ली सदैव कमरेला.

आणि पिठीसाखर! विकतची पिठीसाखर म्हणजे पाप. "तेन्हामा काय काय मिसाळतस, देवले माहित!" असं म्हणत ती घरी साखर दळते आणि मलमलच्या कपड्यातून गाळते. खताई गार झाली की प्रत्येक नग या साखरेत लोळवायचा, हे तिचं खास. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणंही बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, बनियनवर घामाघूम होऊन बसलेले असतात. एका वर्षी त्यांना शिंक आली. त्यांनी ती दाबायचा फार प्रयत्न केला हो, पण शिंकच ती! परातीतली निम्मी साखर मामांच्या मिशीवर आणि उरलेली देवघरातल्या गणपतीवर. आत्या गणपतीची क्षमा मागून मोकळी झाली. मामांना मात्र तिने अजून क्षमा केलेली नाही. क्षमा मामांनीच मागायची असते, आणि ते दर दिवाळीला मागतात.

बेकरीत आत्या स्वतःचा पाट घेऊन जाते आणि भट्टीच्या तोंडासमोर मांडते. बेकरीवाले चाचा तीस वर्षांपासून हे सोसतायत. "बाई, भट्टी मन्ही शे, पन हुकूम तुम्हना," असं म्हणून ते हात जोडतात. आपलं तूप कोणी बदलेल, आपला ट्रे दुसऱ्याच्या नावावर जाईल, या धास्तीने ती तिथून पाणी प्यायलाही उठत नाही. ट्रे ओळखू यावेत म्हणून प्रत्येक घराची खूण असते. कोणी खताईवर काट्याने रेघा ओढतं, कोणी टोपणाचा गोल उमटवतं. आत्या कमरेची किल्ली काढते, धुते आणि एकेका गोळ्यावर दाबते. किल्लीच्या ठशाची खताई दिसली की ती कोणाची हे तळोद्यात सांगावं लागत नाही.

आता खरं सांगतो. ही खताई मागच्या दिवाळीपर्यंत नऊ वर्षं खाता येत नव्हती. चव उत्तम, चारोळी अशी की दुसरीकडे मिळणार नाही, पण टणक! मी धानोऱ्याच्या शाळेत मास्तर आहे, पोरांना रोज दोन तास ओरडतो, माझा जबडा कमजोर नाही. तरी माझी एक दाढ त्या खताईने नेली. आम्ही सगळे चहात बुडवून, चघळून, खिशात घालून वेळ मारून नेत असू आणि वर "वा, आत्या, काय झालीय!" म्हणत असू. तिच्या तोंडावर खरं बोलायची छाती कोणाची होती?

टणक का, तर त्याआधी ती एकटी खताई करत नसे. तिची धाकटी जाऊ मागच्या गल्लीत राहते. दोघी एकाच परातीत करायच्या. तूप फेसायचं काम धाकटीचं, कारण तिचा हात थंड. तळहाताने तासभर फेसलं तरी तूप वितळत नसे, लोण्यासारखं फुलून यायचं. आत्याचा हात तिच्या डोक्यासारखाच गरम, तूप लगेच पाणी होतं. पण धाकटीच्या मुलीच्या लग्नात रुखवतावर सुरतेहून आणलेली रंगीत डब्यांतली बिस्किटं मांडलेली आत्याने पाहिली. "मन्ही खताई काय मरी गयी व्हती?" एवढंच ती मांडवात बोलली, आणि त्यानंतर नऊ वर्षं धाकटीशी एक शब्द नाही. समोरून धाकटी आली तर आत्या उन्हात उभी राहून एखाद्या भिंतीवरची जाहिरात वाचायची. पण दर दिवाळीला परातीत हात घातला की म्हणायची, "तूप फुगी नही ऱ्हायनं." मग उगाच दाराकडे बघायची. तिला काय हवं होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. मागणार कोण?

मागच्या दिवाळीत तिला बेकरीत घेऊन गेलो, तर भट्टीच्या दुसऱ्या अंगाला धाकटी काकू आधीच बसलेल्या. आता आली का पंचाईत! दोघींचे डबेही एकसारखे, सासूने कधीकाळी जोडीने घेऊन दिलेले. दोघी चाचांमार्फत बोलू लागल्या. "चाचा, त्यासले सांगा, तो ट्रे जरा सरकावा." "चाचा, त्यासले सांगा, तुम्हीच सरकावा." मध्ये हातभर अंतर, आणि चाचा बिचारे मान इकडून तिकडे करून प्रत्येक निरोप पुन्हा बोलून दाखवत होते.

खताई निघाली, गार झाली, डब्यांत भरली. तेव्हा आत्या एकदम गोड झाली. "चाचा, दिवसभर दमनात. चहा पीसन या, मी दखस भट्टी." तीस वर्षांत तिने चाचांना चहाला धाडल्याचं मी पाहिलं नव्हतं. मलाही म्हणाली, "तू रिक्षा लई ये." मी रिक्षा आणली, डबा उचलला, आम्ही घरी आलो.

घरी पिठीसाखरेची परात तयार, पंखा बंद, मामा तोंड मिटून बसलेले. आत्याने डबा उघडला. आत काट्याच्या रेघांची खताई. चारोळी नाही, नुसते शेंगदाणे!

"अरे देवा! हाई ते धाकलीनी शे!" आत्याने कपाळावर हात मारला. "चाचानी घात कया! आनि तू, मास्तर व्हईसन, डबा उघडी दखता येत नही?" मी ओशाळून डबा परत न्यायला उचलला, तर म्हणाली, "ठहर. उघडा व्हई गया शे, ते एक दखू दे." तिने एक खताई साखरेत लोळवली, तोंडात टाकली. चावावी लागलीच नाही. तिने दुसरी घेतली. मामांनीही एक उचलली आणि त्यांचं तोंड सुटलं. "आसी खताई नऊ वरीसमा खादी नही!" म्हणून गेले. मी डोळे मिटून घेतले. पण आत्या हातावरची साखर बघत राहिली.

तेवढ्यात दारात धाकटी काकू. हातात आत्याचा डबा. नऊ वर्षांनंतर पहिलं वाक्य काय असावं? "मोठ्या बाई, हाई तुम्हनी खताई. दगड शेतस!"

मामा पंख्याकडे बघू लागले. आत्या ताडकन उभी राहिली, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि चारोळीची पिशवी धाकटीच्या पदरात टाकली. "दगड शेतस, ते फेस ना मंग तूप! शेंगदाणा टाकस खताईमा, लाज नही वाटत?" दोघी परातीशी बसल्या आणि सुरतेच्या बिस्किटांवरून अशा भांडल्या की मामांनी हळूच पंखा लावला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पाडव्याला बेकरीवरून जाताना मी चाचांना टोमणा मारला, "काय चाचा, डबे बदलता?" ते हसले. "मास्तर, मी डबाले हात नही लावा. चहानी टपरीवरथून समदं दिसस. तुम्हनी आत्यानी सोता बदलात. आनि धाकली बाई समोर बठीसन दखी ऱ्हायनी व्हती. तीबी काय बोलनी नही."

यंदाच्या खताईवर किल्लीचाही ठसा होता आणि काट्याच्या रेघाही. घरी पुढच्या घाण्यासाठी धाकटी काकू तूप फेसत होत्या, आणि आत्या आता गुडघ्यांमुळे पाटावर बसत नाही, म्हणून खुर्चीवरून हुकूम सोडत होती. मी हळूच विचारलं, "आत्या, मागल्या वर्षी डबे कोणी बदलले?"

"चाचा डोकरा व्हई गया, दुसरं कोन?" ती म्हणाली. मग माझ्या हातावर एक खताई ठेवली आणि आवाज उतरला. "तुम्ही समदा लबाड. नऊ दिवाळ्या दगड खादात नि वा वा करत बठनात. खरं बोलनारी एकच व्हती, आनि तिन्हासंगे मी बोलत नही व्हती."

खताई तोंडात विरघळली, साखर सदऱ्यावर सांडली, आणि पंखा बंद असल्यामुळे ती तिथेच राहिली.