पठारावरचं वळण

मंडळी, आज दुपारी विश्रामबागच्या घरी लेकीने मोबाइलवर कोयनेच्या डोंगरातली एक पायवाट दाखवली. "बाबा, मोकळ्या पठारावर एवढं मोठं वळण कशाला? ऑनलाइन नकाशात सरळ करून टाकते."

मी जवळजवळ ओरडलोच, "हात लावू नकोस!"

ते वळण माझंच आहे. नव्वदच्या दशकात आम्ही तिघे मित्र होकायंत्र आणि वही घेऊन त्या रानातल्या वाटा नकाशावर काढायचो. पुढे धनगरवाड्यातले बिरूमामा, मागे पावलं मोजत मी. मामा जातील ती वाट, हा आमचा नियम. त्या पठारावर ते लांबून वळसा घालून गेले. मी तसंच काढलं.

परतताना विचारलं, तर म्हणाले, "आरं, तितं माझी म्हस पुरलीया. तिच्या अंगावरनं कसं जायाचं?"

पुढे आमचा नकाशा बघून सगळेच तसे चालू लागले. वाट तिथेच मळली.

हे ऐकून लेक म्हणाली, "वळणाला तिचं नाव देऊ या. काय होतं?"

तिथल्या प्रत्येक ओढ्याचं नाव मी तेव्हा विचारून लिहून घेतलं होतं. तिचं विचारायचंच राहिलं.