खऱ्या कोळणीचे पाय

"शी. हे काय गं पायांना? कसला रोग आहे?"

बाईंनी पट्टीचं टोक माझ्या पोटरीवर टेकवलं. हात लावला नाही. सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. मी सातवीत होते. नेरूळला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, ते दिवस. गॅदरिंगच्या कोळीनाचाची तालीम चालू होती आणि त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच खेळाच्या हाफ पँटवर लुगडी नेसलो होतो. एरवी गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे असायचे, त्यामुळे माझे पाय शाळेत कुणी पाहिलेच नव्हते.

"कालवं लागतात, बाई," मी म्हटलं.

"म्हणजे?"

म्हणजे काय सांगणार? मी सारसोळ्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. ओहोटी लागली की आईबरोबर खाडीत उतरायचे. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि आत कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या उभ्या असतात. पाय ओढून काढला की कातडं चिरतं. जखमेत चिखल बसतो, ती पिकते, सुकते, काळा डाग ठेवून जाते. आमच्या आळीत प्रत्येक बाईचे पाय असेच. मला वाटायचं, पाय असेच असतात.

बाईंना ऐकायचंच नव्हतं. "प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत बसणार. असले पाय दाखवायचे त्यांना? काहीतरी लाव, डाग घालव. नाहीतर तुला काढावं लागेल."

नाच आमचा. शाळा आमच्या गावच्या शेतावर उभी. माझ्या अंगावरचं हिरवं लुगडं आईचं, एका नारळी पुनवेलाच नेसायचं. आणि काढणार कोणाला, तर मला. पण तेव्हा हे काही सुचलं नाही. तेव्हा मला माझ्याच पायांची किळस आली. त्यांच्या तोंडातली 'शी' माझ्या तोंडात येऊन बसली.

नव्या बिल्डिंगीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरीची मुलगी माझ्या वर्गात होती, नाचात राखीव. ती म्हणाली, "माझी मम्मी क्रीम लावते. डाग पुसट होतात." तसली ट्यूब आमच्याकडे कुठली? घरात होता चुना. शिंपा भाजून केलेला. गणपतीआधी भिंती त्यानंच पांढऱ्या व्हायच्या. भिंत पांढरी होते तर पाय का होणार नाहीत, एवढी माझी अक्कल. वज्रीनं पाय घासले, रक्त येईपर्यंत घासले आणि वर चुना थापला. ज्या शिंपांनी चिरलं त्यांचाच. पाय भाजले. फोड आले, फुटले, कातडं सुटलं.

आईनं खोबरेल लावत विचारलं, "कोनी सांगलं तुला ह्ये कराला?"

मी पाय मागे ओढला.

"माजे पाय बग. मी लपवते का कुठं?"

मी मान फिरवली. मला तिचेही पाय बघवेनात. इतकं आत शिरलं होतं ते.

गॅदरिंगच्या दिवशी बाईंनी पडद्यामागे माझे पाय पाहिले आणि तोंडाला रुमाल लावला. "आता तर अगदीच बघवत नाही. तू आत बसून गाणं म्हण. लुगडं तेवढं सोड, हिला नेसवते."

मी सोडलं. मुकाट्यानं सोडलं. सेक्रेटरीच्या मुलीला माझ्या आईचं लुगडं नेसवलं. तिनं नाक मुरडलं. "बाई, मासळीचा वास येतोय." बाईंनी पावडरचा डबा घेतला आणि लुगड्यावर उपडा केला. मग दोन पावलं मागे सरून तिला न्याहाळलं.

"पाय फार गोरे दिसतायत गं. थोडा काळा रंग लावू, चार डाग रंगवू. म्हणजे खरी कोळीण वाटशील."

मेकअपवाला ब्रश घेऊन बसला. त्या गुळगुळीत पोटऱ्यांवर डाग रंगवायला लागला. एक इथे, एक तिथे. बाई कौतुकानं बघत होत्या. हात लावून बघत होत्या.

रंगाचे डाग छान. रक्ताचे घाण. यांना डागांची किळस नव्हतीच. यांना आमची किळस होती. नाच हवा, लुगडं हवं, डागसुद्धा हवेत, फक्त आम्ही नकोत.

"लुगडं सोड," मी त्या मुलीला म्हटलं.

"आगाऊपणा करू नकोस," बाई म्हणाल्या. "पाहुणे आलेत."

"माज्या आयचं हाय. आमाला नाय द्यायचं."

मी पदर धरून ओढला. ती घाबरली, स्वतःच सोडायला लागली. मी लुगडं काखेत मारलं, पडदा बाजूला सारला आणि स्टेजवरून सरळ खाली उतरले. अनवाणी. सोललेले पाय घेऊन, पहिल्या रांगेसमोरून. प्रमुख पाहुण्यांनी पाय आखडून घेतले.

आई अगदी मागे बसली होती, वेणी माळून.

"नाच?" तिनं विचारलं.

"नाय नाचायचा. घरी चल."

तिनं लुगडं हातात घेतलं, हुंगलं. "ह्याला कसला वास मारतंय?"

"त्यांचा," मी म्हटलं.

सोमवारी मी मोजे न घालता शाळेत गेले. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. येणारीजाणारी मुलं पाय बघायची, नाक धरायची. मी उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही मोजे घातले नाहीत, पुन्हा कधीच घातले नाहीत. ज्याला ओकारी यायची त्याला येऊ दे. तुमच्या डोळ्यांसाठी मी माझं कातडं परत सोलणार नाही.